फळीची खालची बाजू

१

लोकांना जमिनीवरून चालता येत नाही. हे मी चिडून म्हणत नाही, बघून म्हणतो. निम्मे लोक टाचा घासत येतात, उरलेले बुटांसकट. खुर्ची उचलून ठेवायची असते हे ठाऊक असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळे ती ओढतात, आणि वर "काही होत नाही हो" म्हणून मलाच धीर देतात.

आमच्या घराला लाकडी जमीन आहे. बाहेरच्या दारापासून आतल्या खोलीच्या खिडकीपर्यंत सागाच्या लांब फळ्या, एकीची कड दुसरीच्या खाचेत बसवलेली. फळ्यांखाली आडवे वासे, वाशांखाली वीतभर पोकळी, मग माती. मागे एकदा पाण्याची पाइप गळाली तेव्हा नळवाल्याने बाहेरच्या दारालगतची हातभर फळी कापून काढली आणि नंतर दोन स्क्रूंनी पुन्हा बसवली. ती कापायला त्याने जी करवत वापरली तिने मी सरपणसुद्धा कापलं नसतं. पण आता तो तुकडा तिथे आहे, आणि रोज येता-जाता मला दिसतो.

जमिनीची निगा मी स्वतः राखतो. पॉलिशवाल्याला एकदा बोलावलं होतं. तो दारात उभा राहून "वरून प्लास्टिकचा थर टाकून देतो, पुढे बघायलाच नको" म्हणाला, तेव्हा त्याला चहासुद्धा न देता परत पाठवला. लाकडाला बघायलाच लागतं. सकाळी मऊ कुंच्याने धूळ, मग घट्ट पिळलेलं फडकं, तेही रेषांच्या दिशेने. आठवड्यातून एकदा तेल, अधूनमधून मेण. लाकडी जमिनीवर बादलीभर पाणी ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मतदानाचा हक्क कसा देतात कोण जाणे.

खरी परीक्षा सकाळच्या तिरप्या उजेडात. मी जमिनीवर आडवा होतो, गाल फळीला टेकवतो आणि खिडकीच्या दिशेने बघतो. त्या उजेडात लपून काही राहत नाही. कोण कुठून गेलं, टाच आधी टेकवली की चवडा, कुठे थांबून वळलं, सगळं चकाकीत उमटलेलं असतं. माणसं तोंडाने काहीही सांगोत, जमीन खरं सांगते असं मी तेव्हा मानत होतो.

२

माझी बायको बाजारातल्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रोज घरातल्या घरात चालवा, नाहीतर पाय आखडेल आणि मग त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत. डॉक्टर असूनही माणूस मुद्द्याचं बोलला, म्हणून लक्षात राहिलं.

आता अडचण अशी की तिला काठी लागायची. काठीच्या टोकाला रबर, आणि ते रबर प्रत्येक पावलाला जमिनीवर काळपट गोल ठसा सोडायचं. मी रबरावर लोकरीचा मोजा चढवला. तो घसरतो म्हणून तिने काढून टाकला. मग मी वेळा ठरवून दिल्या. तेल लावलेल्या दिवशी चालायचं नाही. मेण असेल तर दुसऱ्या दिवशीही नाही. चालायचं ते भिंतीच्या कडेने, मधून नाही, आणि आधी मला सांगून, म्हणजे मागोमाग पुसून घेता येईल.

सुरुवातीला ती विचारायची. "अहो, आता चालू का?"

"आत्ता नको. ओलं आहे."

काही दिवसांनी तिने विचारणं सोडलं. आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसायची, काठी भिंतीला टेकवून. मी तिला कधी चालू नकोस म्हणालो नाही. वेळ बघून चाल, एवढंच म्हणालो. दुपारी मी बाहेरच्या खोलीत काम करायचो तेव्हा मधलं दार लावून घ्यायचो, म्हणजे तिच्या अंगावर धूळ यायला नको.

पाय बघायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. तिला मी मनातल्या मनात कसरतवाली म्हणायचो. दारात बूट काढून वर "वा, काका, काय चकाचक ठेवलंय" म्हणायची आणि मग जाडजूड बॅग धाडकन त्याच चकाचकवर आपटायची. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिने बायकोचा पाय वर-खाली करून पाहिला आणि खूश झाली.

"काकू, मस्तच. रोज किती वेळ चालता?"

"चालते की बराच वेळ," बायको म्हणाली.

"ते दिसतंयच. मांडीत ताकद आलीये. काका, असंच चालू ठेवा हं."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आडवा होऊन आतली खोली बघितली. खुर्चीपासून दारापर्यंत, भिंतीच्या कडेने आणि मधूनसुद्धा, जमीन कोरी होती. काठीचा एक ठसा नाही, टाचेचा एक डाग नाही. बायको चाललेलीच नव्हती. कसरतवालीला आपल्या विषयातलं ओ की ठो कळत नाही हे माझं मत पक्कं झालं, आणि मला त्याचं समाधानही वाटलं.

३

मेव्हणी शाळेत शिकवते. त्यामुळे समोरच्याला काहीच कळत नाही असं धरूनच ती बोलायला सुरुवात करते. ती ताईला भेटायला आली ती सोबत गालिच्यांच्या नमुन्यांची वही घेऊन.

"भाऊजी, ही असली गुळगुळीत जमीन आणि ताईचा पाय असा. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घाला. रंग तुम्ही निवडा, हवं तर."

"गालिच्याखाली लाकूड कुजतं," मी म्हणालो.

"आणि ताई? ती कुजली तर चालेल?"

बायको खिडकीबाहेर बघत होती. मेव्हणीने वही मिटली आणि निकाल सांगितला. महिनाअखेर ती गाडी घेऊन येणार. तोवर गालिचा पडला नसेल तर ताई तिच्याकडे राहायला जाणार, कायमची. "इथे तिला बसवून ठेवलंय तुम्ही. पायातला जोर गेला की मग पुसत बसा एकटेच."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या बाईने मला माझ्या घरात मुदत घालून दिली, आणि तीही बूट न काढता. तिच्या टाचांचे व्रण मी दारापासून खुर्चीपर्यंत मोजत होतो. पण खरं सांगायचं तर मोजताना दोनदा आकडा चुकला. बायकोशिवाय या घरात राहायची मला कल्पनाच करता येत नव्हती. गालिच्याचीही येत नव्हती.

मेव्हणी गेल्यावर मी बायकोला विचारलं, "जाणार आहेस तू तिच्याकडे?"

"नाही," ती म्हणाली. "तिच्याकडे कशाला? मला इथे बरं आहे. आता नीट चालता येतंय."

"तू चालतेस कधी?"

"दुपारी. तुम्ही पुसत असता तेव्हा."

"कुठे चालतेस?"

"इथेच," ती म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू साध्या प्रश्नाचं उत्तर मला कळू नये याची तिला गंमत वाटत होती. मी हसलो. आजारपणात माणसं काहीही बोलतात.

४

पुढच्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत मेण घासत होतो. मेण घासताना माझा एक ठेका असतो. लांब हात, रेषेच्या दिशेने, मग परत. त्या ठेक्यात खालून दुसरं घासणं मिसळलेलं मला ऐकू आलं. मी थांबलो. खालचा हात एकदा फिरला आणि मग थांबला.

खाली पोकळी आहे. पोकळीत आवाज घुमतो. हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी पुन्हा घासायला लागलो आणि कान देऊन ऐकलं. खालचं फडकं लांब जात नव्हतं. गोल गोल फिरत होतं. लाकडावर गोल फडकं फिरवणाऱ्या माणसाला मी दारातसुद्धा उभा करणार नाही, असं माझ्या मनात आलं. आलं आणि मी जिथल्या तिथे बसून राहिलो, कारण मी एका आवाजाची चूक काढत होतो. घुमणारा आवाज माझ्याच हातासारखा फिरायला हवा होता.

मग काठी. ठक, आणि एक पाऊल. ठक, आणि एक पाऊल. माझ्या गुडघ्यांखालून ती आतल्या खोलीच्या बाजूला गेली आणि तिथून परत आली, अगदी मधून, भिंतीच्या कडेने नाही. मी उठलो आणि मधलं दार ढकललं.

बायको खुर्चीत बसली होती. गाल लाल झाले होते, थोडी धाप लागली होती. काठी भिंतीला टेकलेली होती, पण नेहमीच्या डाव्या बाजूला नाही, उजव्या बाजूला.

"झालं का पुसून?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली तशी मी दारालगतच्या त्या तुकड्याचे दोन स्क्रू काढले. मनाशी म्हणत होतो, घुशी असतील. बायकोच्या काठीला घुशी म्हणण्याइतका माझा तर्क शाबूत होता. फळीची खालची बाजू कशी असते ते मला माहीत आहे. ती रंधायची तसदी कोणी घेत नाही. करवतीचे ओरबाडे, कुसळं आणि कोळिष्टकं. मी तुकडा उचलला आणि उलटा केला.

खालची बाजू गुळगुळीत होती. तेल पाजलेली, मेण चढवलेली, वरच्या बाजूपेक्षा खोल रंगाची. हाताला ताज्या तेलाचा वास आला. मी तो तुकडा उचलून खिडकीशी नेला आणि सवयीने तिरप्या उजेडात धरला.

तिथे माणसं चाललेली होती. दोघं. एकाच्या अनवाणी पायांनी चकाकी मधोमध मंद झाली होती, वर्षानुवर्षं चालल्यावर होते तशी. दुसऱ्याच्या शेजारी रबराचे गोल ठसे होते. सर्वांत खालचे ठसे दाट आणि काळे, काठीवर सगळं वजन टाकलेले. त्यांच्यावर पडलेले फिकट. अगदी वरच्या, ताज्या चालीत ठसाच नव्हता, फक्त दोन पावलं, डावं आणि उजवं, सारख्या भाराची. तिच्या पायाची सुधारणा त्या हातभर लाकडावर मला कसरतवालीपेक्षा जास्त नीट वाचता येत होती.

आणि पुसलं कोणीच नव्हतं. एवढी निगा राखणाऱ्याने तिचे ठसे तसेच राहू दिले होते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की काय ही गबाळी माणसं. दुसरी आली ती भीती. ती आंघोळीहून यायच्या आत मी तुकडा होता तसा बसवून स्क्रू आवळले.

५

मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार कोणाला? मेव्हणीला सांगितलं असतं तर तिने मलाच डॉक्टरकडे नेलं असतं. मी बाजारातून लांब स्क्रू आणले आणि तो तुकडा चारही कोपऱ्यांनी आवळून टाकला. दुपारचं पुसणं बंद केलं. आतल्या खोलीत बायकोसमोर दुसरी खुर्ची टाकून बसलो.

ती कुरकुरली नाही. फक्त दिवसभर माझ्याकडे, माझ्या हातांकडे बघायची. गप्पा मारायला गेलो तर "हो" आणि "नाही" एवढंच. बत्तीस वर्षांच्या संसारात ती कधी मला कंटाळल्याचं मी पाहिलं नव्हतं. आता ती कंटाळली होती, आणि ते लपवायचीही तिला गरज वाटत नव्हती.

एकदा ती म्हणाली, "तुम्हीपण या ना एकदा."

"कुठे?"

"चालायला. मोकळं आहे हो खूप. कोणी ओरडत नाही."

"कोण आहे तिथे?" माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली. ते तिने अगदी मायेने म्हटलं, मठ्ठ मुलाला म्हणतात तसं. मग पायांकडे बघून म्हणाली, "नाही आलात तरी चालेल. फक्त काय ते ठरवा. असं अधांतरी मला नाही आवडत."

मी उठून एक पडलेला केस उचलला.

६

महिनाअखेर आली. मेव्हणी दुपारी येणार होती. तिच्या तोंडावर मारायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, ही जमीन, म्हणून मी सकाळी बाहेरच्या खोलीत तेल-मेणाच्या पॉलिशचा शेवटचा हात द्यायला बसलो. असा हात देताना दूरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून दाराकडे मागे सरकत यायचं असतं, म्हणजे आपण ओल्यात अडकत नाही. मी तसाच सरकत आलो. मधलं दार लावलेलं, आत बायको, आणि मी बाहेरच्या उंबऱ्यापाशी. मधली सगळी खोली ओली, आरशासारखी. तिथवर पोचल्यावर लक्षात आलं की आज मी तिला दुपारपर्यंत एकटीला ठेवलं आहे.

मेव्हणी वेळेआधी आली. शिकवणाऱ्यांना तेवढं एक येतं.

"ताई तयार आहे का?"

"ओलं आहे," मी म्हणालो. "दोन तास थांबावं लागेल."

"भाऊजी, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय," ती म्हणाली आणि उंबऱ्यातूनच हाक मारली. "ताई, ए ताई."

"ओ," बायको म्हणाली.

ओ आमच्या पायाखालून आली.

मेव्हणीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं त्याने ती एक पाऊल मागे सरकली. मी उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चारही स्क्रू काढले. तुकडा बाजूला ठेवला, बाहेरच्या नळापाशी टांगलेला दाढीचा आरसा आणला आणि हात आत घालून तो वरच्या बाजूला वळवून धरला.

वीतभर पोकळी आरशात खोलीएवढी उंच होती. तिथे उजेड होता, सकाळचा असतो तसा, आणि लांब लांब फळ्या त्यात चकाकत होत्या. आरशात ते छत दिसत नव्हतं, जमीनच दिसत होती. फळ्यांवर मधोमध बायकोची पावलं उभी होती, घोट्यापर्यंतच दिसत होती, आणि काठी कुठेच नव्हती. तिच्या शेजारी आणखी दोन पावलं होती. ती रुंद होती, ओली होती, आणि चवडे आमच्या दिशेला होते. त्यांच्याबद्दल मला एवढंच सांगता येईल. आरसा तिकडे वळवायचा मला धीर झाला नाही.

"अहो," बायको म्हणाली, अगदी जवळून. "या. इथून नाही मावणार तुम्ही. चार-पाच फळ्या काढा, म्हणजे येता येईल. नाहीतर मला वर घ्या. पण काय ते आता करा, ते थांबलेत."

मेव्हणी ओल्या पॉलिशवरून धावत गेली. मधलं दार तिने उघडलं आणि आतून ओरडली, "खुर्ची रिकामी आहे. काठी इथेच आहे. भाऊजी, फळ्या काढा."

पेटीतली छिन्नी माझ्या हाताशी होती. पहिली फळी उंबऱ्यालगतची, तिची खाच दुसरीत अडकलेली. ती निघायची तर फोडावी लागणार होती, आणि तिच्या पुढची, आणि तिच्याही पुढची. मी खोलीकडे पाहिलं. मेव्हणीच्या बुटांचे ठसे ओल्या पॉलिशमधून आरपार गेले होते. प्रत्येक ठशाची कड वर उचललेली होती. माझ्या डोक्यात संतापाने तिडीक गेली. अक्कलशून्य बाई, धड दोन तास थांबता आलं नाही.

"येईल ती वर," मी म्हणालो. "जाणार कुठे?"

मी तुकडा उचलला आणि कड घासणार नाही अशा बेताने जागेवर बसवला.

खाली बायको काही बोलली, माझ्याशी नाही. मग हातोडी पडायला लागली. पहिल्या खिळ्याचं टोक त्या तुकड्यातून माझ्या अंगठ्याशेजारी वर आलं. दुसरं पलीकडच्या कोपऱ्यात. मग शेजारच्या फळीतून, मग तिच्या पुढच्या, ओळीने, एकसारख्या अंतरावर, कुठेही घाई नाही. टोकं ओल्या पॉलिशमधून वर येत आतल्या खोलीकडे जात होती. दोन हातोड्या चालत होत्या. एक सराईत होती, दुसरी जरा अडखळत होती आणि शिकत होती.

मी छिन्नी फटीत घातली आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. फळी जराही उचलली नाही. मी तिचं नाव घेऊन हाका मारल्या, फळीला तोंड लावून मारल्या. काय बोललो ते इथे लिहायची लाज वाटते, त्यात गालिचासुद्धा होता. खिडकीजवळ शेवटची टोकं वर आली आणि ठोकणं थांबलं.

मेव्हणी मधल्या दारात उभी होती. मी तिला ओरडून सांगितलं की कपाटामागे मोठा हातोडा आहे, तो आण, सगळं फोडून काढू.

ती जागची हलली नाही.

"आता?" ती म्हणाली.